लंडनचा जून आणि कोल्हापूरचा मृग: बागेचं वेळापत्रक कसं ठरवायचं

जून लागला की मोबाईलवर बागकामाच्या व्हिडिओंची रांग लागते. त्यातले बरेचसे इंग्लंड-अमेरिकेतले, आणि काही त्यांचं बघून आपल्याकडे केलेले. भर उन्हाळ्यात काय लावावं याची यादी त्यात असते: गाजर पेरा, बीट पेरा, लेट्यूसची दुसरी खेप टाका, गुलाबाचं पाणी वाढवा. २१ जून म्हणजे तिकडे उन्हाळ्याचा ऐन मध्य. आपल्याकडे त्याच सुमाराला मृग सरून आर्द्रा लागतं, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गच्चीवरच्या कुंड्या पाण्यानं डबडबलेल्या असतात. त्यात गाजराचं बी टाकलं तर ते वाहून तरी जातं, नाहीतर जागेवर कुजतं. मग माणूस म्हणतो, माझ्या हाताला गुणच नाही. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण दोष हाताचा नसतोच. तो सल्ला तिथल्या हवेला धरून दिलेला असतो, आणि आपण त्यातला फक्त महिना उचलतो.

महिन्याचं नाव बाजूला ठेवलं तर रोपाला तीनच गोष्टींशी मतलब असतो: माती आणि हवा किती तापली आहे, उजेड किती तास मिळतो, आणि मुळाशी पाणी व हवा यांचं प्रमाण काय आहे. या तिन्ही गोष्टी जगात सगळीकडे एकाच वेळी बदलत नाहीत. त्या सुट्या करून बघायला शिकलं की कुठल्याही देशातला सल्ला आपल्या अंगणासाठी पारखून घेता येतो.

आपला उन्हाळा जूनच्या आधीच संपतो

युरोपात २१ जूनला सूर्य सर्वांत वर असतो, पण जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागतो, म्हणून खरी गरमी जुलैच्या अखेरीला जाणवते. कोल्हापुरात हे उलट होतं. आपण साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला. मे महिन्यातल्या त्या दिवशी दुपारी साडेबाराला अंगणात काठी उभी करून बघा, सावली काठीच्या बुडाशीच गोळा झालेली दिसेल. एप्रिलमध्ये दुपारचं तापमान ३६-३७ अंशांवर असतं. जूनमध्ये ढग येतात आणि जुलैत तेच २६-२७ अंशांवर उतरतं. म्हणजे वर्षातले सर्वांत मोठे दिवस आपल्याकडे ढगांच्या झाकणाखाली जातात.

इथेच एक फसगत होते. जुलैतलं कोल्हापूरचं तापमान लंडनच्या उन्हाळ्याच्या जवळपास जातं. आकडे बघून वाटतं, चला, तिकडचं सगळं इथे चालेल. पण लंडनला त्या वेळी साडेसोळा तासांचा दिवस असतो आणि पानं बहुतेक वेळ कोरडी असतात. आपल्याकडे दिवस तेरा तासांचा, त्यातलं ऊन ढगांनी खाल्लेलं, आणि पानं आठ-आठ दिवस ओली. टोमॅटोवर करपा पडतो तो या ओल्या पानांमुळे. बुरशीच्या बीजाणूला रुजायला पानावर काही तास टिकणारी ओल लागते, आणि पुनर्वसू-पुष्याच्या, म्हणजे तरणा-म्हाताऱ्या पावसात ती त्याला रात्रंदिवस मिळते.

सूर्याच्या या प्रवासाची आणखी एक गोष्ट घरच्या बागेला फार उपयोगी आहे. मे ते ऑगस्ट भर दुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे उत्तरेकडची बाल्कनी, जी एरवी थंड आणि अंधारी म्हणून सोडून दिलेली असते, तिला या काळात ऊन मिळतं. मे महिन्यात तिथे नाजूक रोपं ठेवली आणि ती भाजली, असं अनेकांचं होतं. डिसेंबरात चित्र पालटतं. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो आणि क्षितिजापासून ५० अंशांवरच राहतो. पाच फुटी कंपाउंडच्या भिंतीची सावली भर बारा वाजताही उत्तरेला चार फुटांवर पडते. पावसाळ्यात जो वाफा मोकळ्या उजेडात होता, तोच हिवाळ्यात सावलीत जातो. वाफ्याची जागा ठरवताना मातीइतकंच हेही बघायला हवं.

उजेडाचे तास: पावटा आणि कांद्याचं गणित

कोल्हापुरात सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या थोडा पुढे आणि सर्वांत छोटा ११ तासांच्या थोडा पुढे. फरक जेमतेम दोन तासांचा. लंडनला तोच फरक जवळजवळ नऊ तासांचा असतो. पण हे दोन तासही काही झाडांना नेमके कळतात. पावट्याचा वेल घ्या. जूनमध्ये बी टाकलं की तो पावसाळाभर नुसता पसरतो, कुंपण झाकून टाकतो, आणि फूल म्हणून दिसत नाही. ज्यांना माहीत नसतं ते वैतागून उपटून टाकतात किंवा खतावर खत घालतात. जुन्या जातींच्या पावट्याला रात्र लांबायला लागल्याशिवाय कळी धरताच येत नाही. दिवाळीच्या आगेमागे एकदम घोस लागतात. शेवंतीचंही तेच, दिवस लहान व्हायला लागले की ती कळ्यांवर येते.

कांद्याचं नेमकं उलट आहे. तो दिवस मोठा होत गेला की गड्डा धरतो, आणि किती मोठा दिवस हवा हे जातीवर ठरतं. आपल्याकडच्या जाती ११-१२ तासांच्या दिवसात गड्डा धरतात. थंड देशांतल्या जातींना १४ ते १६ तास लागतात, आणि तेवढा दिवस कोल्हापुरात कधी उगवतच नाही. म्हणून ऑनलाइन मागवलेल्या परदेशी कांद्याच्या बियाण्याची पात झकास येते आणि खाली काही नसतं. खत, पाणी, देखभाल सगळं नीट करूनही. असं बियाणं घेण्याआधी पाकिटावर दिवसाच्या लांबीविषयी काय छापलंय ते वाचावं, नाहीतर सरळ इथल्या बियाण्याच्या दुकानातून हंगाम सांगून घ्यावं. खरिपाची जात वेगळी, रब्बीची वेगळी.

दुसरीकडचा भर उन्हाळा

थंड देशांतला माळी जूनमध्ये घाईत असतो. ऑक्टोबरात कधीतरी पहिल्यांदा दव गोठणार आणि सगळं करपणार हे त्याला ठाऊक असतं. तो त्या तारखेपासून उलटे दिवस मोजतो: बीटला साठ दिवस, घेवड्याला पन्नास, म्हणजे पेरणी अमुक तारखेच्या आत. त्याच्या सगळ्या सल्ल्यांमागे ही थंडीची भीती आहे. कोल्हापुरात दव गोठत नाही, त्यामुळे ती तारीख आपल्याला लागू नाही. पण उलटे दिवस मोजायची रीत मात्र घेण्यासारखी आहे. दसऱ्याला दारात घरचा झेंडू हवा असेल तर रोप लावल्यापासून फुलापर्यंत दोनेक महिने धरा. म्हणजे जुलैत रोपं मातीत जायला हवीत आणि बी त्याच्याही तीन-चार आठवडे आधी पडायला हवं.

भूमध्य समुद्राच्या काठची हवा वेगळीच. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. लॅव्हेंडर, रोजमेरी ही तिथली झाडं. उन्हात तहानलेलं राहणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, पण पाय ओले राहिलेले चालत नाहीत. नर्सरीतून हौसेनं आणलेली लॅव्हेंडर आपल्याकडे मेमध्ये तगते आणि जुलैत मरते ती यामुळे. रोजमेरी जगवायची तर वाळू-खडी मिसळलेल्या मातीत, पावसाच्या माऱ्याबाहेर, वळचणीच्या आतल्या बाजूला ठेवा.

वाळवंटी मुलखात भर उन्हाळा म्हणजे झाडं जगवण्याचा काळ. सावली, आच्छादन, पहाटेचं पाणी. ही शिकवण आपल्या एप्रिल-मेला जशीच्या तशी लागू होते. ऑस्ट्रेलियातल्या माळ्याचं म्हणणं ऐकताना तर आधी सहा महिने पुढे-मागे करावे लागतात, कारण त्यांचा भर उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो.

एकाच जिल्ह्यात दोन सल्ले

परदेश लांबच राहिला, आपल्या जिल्ह्यातच हवा किती बदलते बघा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. शिरोळकडे गेलं की पाचशे-सहाशेच्या घरात. पश्चिमेला जांभ्याची तांबडी, आंबट माती, पाणी झरझर खाली सोडणारी. पूर्वेला काळी, चुनखडीची, पाणी धरून बसणारी. नदीकाठी पोयटा. शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात एवढं सगळं.

आंब्याचं कलम लावायचंय असं समजू. खड्डा दोघांनीही उन्हाळ्यात काढायचा, मीटरभर लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्यायचा. शिरोळच्या माणसानं पहिला चांगला पाऊस झाला की जून-जुलैतच कलम लावावं, म्हणजे उरलेल्या सगळ्या पावसाचा त्याला फायदा होतो. गगनबावड्याच्या माणसानं तेव्हा लावलं तर कलमाच्या मुळाशी महिनाभर पाणी हलत राहील. त्यानं मोठा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीला किंवा सप्टेंबरात लावलेलं बरं. दोघांनीही खड्डा भरताना माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवायची, कारण ती नंतर बसते, आणि कलमाचा जोड मातीच्या वरच राहील हे बघायचं.

पिवळ्या पानांचंही तसंच. काळ्या, चुनखडीच्या मातीत जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. तांबड्या मातीत पावसाळ्यात खालची जुनी पानं पिवळी पडली, तर नत्र धुऊन गेलेलं असण्याची शक्यता जास्त. दोन्हींवर एकच खत घालून कसं चालेल?

पाण्यात उभं रोप तहानेनं का वाळतं

कोल्हापूरच्या बागांचं सर्वांत जास्त नुकसान याच एका गोष्टीनं होतं, म्हणून इथे जरा थांबतो. जुलैत शेजारचे काका कुंडीतल्या वांग्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी तर रोज घालतोय की, तरी मान टाकायला लागल्यात." त्यांना म्हटलं, "काका, आधी पाणी बंद करा आणि कुंडी आडवी करून बघूया." रोप मातीसकट बाहेर काढलं. वरची मुळं पांढरी होती. तळाची तपकिरी, बोटात धरली तर साल सुटून हातात येत होती, आणि मातीला गटारासारखा वास. कुंडीचं भोक गच्चीच्या फरशीला चिकटून बंद झालं होतं.

मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिथून त्यांना ऑक्सिजन मिळतो. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ऑक्सिजनची वाट जवळजवळ बंद होते, कारण पाण्यातून तो हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. श्वास कोंडलेलं मूळ पाणी ओढायचं थांबवतं. मग भरपूर पाण्यात उभं असलेलं रोप तहानलेल्या रोपासारखंच मान टाकतं. आपण ते बघून आणखी पाणी घालतो.

यावर आपल्या शेतकऱ्याचं मोजमाप एकच: वाफसा. माती ओली आहे, पण पोकळ्यांत हवाही आहे, अशी अवस्था. वाफ्यातली बोटभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबा. बोटांच्या फटीतून पाणी आलं किंवा हाताला चिखल चिकटला तर थांबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं हलकं दाबल्यावर तो फुटला तर वाफसा आलाय. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. पेरणी, खुरपणी, खत, सगळं वाफशावर. ओल्या काळ्या मातीत तुडवातुडव केली की ती विटेसारखी घट्ट बसते आणि ते वर्षभर भोगावं लागतं.

कुंड्यांसाठी उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, खालच्या बशा मे अखेरीला काढून टाका. अंगणात वाफे वीतभर उंच करा आणि मधल्या चरांना बाहेर वाट काढून द्या.

मेमध्ये करायची कामं

आपला खरा भर उन्हाळा एप्रिल-मे. या दिवसांत नवीन लावण्याचा हट्ट कमीच करावा. टोमॅटोची फुलं गळायला लागली की लोक औषध शोधतात, पण दुपारी ३५ अंशांच्या पुढे परागकण निकामी व्हायला लागतात, त्यावर औषध नाही. कोथिंबीर, मेथी, पालक हवाच असेल तर ५० टक्के सावलीच्या शेडनेटखाली थोडाथोडा करा. लेट्यूसचं बी मातीचं तापमान तीसच्या वर गेलं की बहुतेक वेळा झोपूनच राहतं.

आच्छादनाला कोल्हापूरकरानं बाहेर कुठे बघायची गरजच नाही. उसाचं पाचट आहे. शिवारात ते अजूनही जाळलेलं दिसतं तेव्हा जीव तुटतो. चार बोटं जाडीचा थर वाफ्यावर पसरा, खोडापासून थोडं अंतर सोडून. पाणी सकाळी लवकर आणि खोलवर द्या. रोज थोडंथोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि तिथेच भाजतात.

मोकळा वाफा असेल तर त्याला भरपूर पाणी द्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत दाबा. चार ते सहा आठवड्यांत आतली माती इतकी तापते की बऱ्याच बुरशा आणि तणाचं बी मरतं. काळं प्लास्टिक इथे तेवढं काम देत नाही, ऊन आत जायला हवं. मिरची-वांग्याची रोपं मेच्या मध्यावर सावलीत गादीवाफ्यावर टाकली की जूनअखेरीला लावणीला तयार होतात. हळद, आलं, अळूचे कंदही याच दिवसांत जमिनीत जातात.

वळवाच्या पावसाला मात्र भुलू नका. गारांसकट तासभर कोसळतो, अंगण गार होतं, मातीचा वास सुटतो, आणि बी टाकायची अनावर इच्छा होते. दुसऱ्या दिवशी खुरपं घालून बघा, दोन-तीन बोटं ओल आणि खाली फुफाटा. पश्चिमेकडच्या तालुक्यांत रोहिणीत भाताची धूळवाफ पेरणी करतात, म्हणजे कोरड्या मातीतच बी टाकतात, ती पुढे मृग हमखास बरसणार या भरवशावर. पूर्वेला आणि गच्चीवर तो भरवसा धरता येत नाही.

मृगापासून दसऱ्यापर्यंत

मृगाच्या पावसानं वाफसा दिला की दोडका, कारली, काकडी, दुधी, पडवळ, घोसाळी, भेंडी, गवारी, पावटा सगळं टाकता येतं. वेलांना मांडव आधी उभा करा. जमिनीवर लोळणारी काकडी पावसात सडते, मांडवावरची वाऱ्यानं सुकत राहते. जास्वंद, मोगरा, शेवगा यांच्या फांद्या रुजवायलाही हाच काळ चांगला, कारण दमट हवेत फांदी मूळ फुटेपर्यंत वाळत नाही.

पाचट या दिवसांत खोडाजवळून मागे ओढा, त्याखाली गोगलगायी लपतात. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याशेजारी टाकून ठेवलं तर सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या सापडतात. हातमोजा घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. नत्राचं खत एकदम घालू नका, अर्धं पावसानं धुऊन जातं. उघडीप मिळेल तेव्हा थोडंथोडं द्या. बुरशीसाठी बोर्डो मिश्रण घरी होतं: एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवायचं, आणि फवारणी पानं कोरडी असताना करायची.

पंचगंगेच्या काठच्या पेठांतल्या बागांची गोष्ट निराळी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१चे पूर ज्यांनी बघितलेत ते आकडा वाढायला लागला की आधी कुंड्या वर नेतात. पुराचं पाणी उतरल्यावर पानांवरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा, नाहीतर पानांना उजेडच मिळत नाही. वाफसा येईपर्यंत वाफ्यात पाय घालू नका. त्या पाण्यात बुडालेली पालेभाजी खाऊ नका, कारण ड्रेनेजही त्यातच मिसळलेलं असतं.

मग हस्ताचा पाऊस होऊन जातो, सकाळी गारवा जाणवायला लागतो, आणि व्हिडिओतलं ते गाजर-बीट-लेट्यूस, मटार, फ्लॉवर, टोमॅटो लावायची वेळ येते. ऊब तिकडच्या उन्हाळ्यासारखी, आभाळ मोकळं, पानं कोरडी. गुलाबाची छाटणीही तेव्हाच, ऑक्टोबरात. लसूण त्याच महिन्यात लावा. रब्बी कांद्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाका, रोपं डिसेंबरात लावा. फक्त वाफा दक्षिणेच्या भिंतीला खेटून घेऊ नका. आत्ता तिथे ऊन दिसलं तरी डिसेंबरात ती चार फुटांची पट्टी सावलीत जाईल, आणि कांद्याला सावली अजिबात चालत नाही.